वय कोणत्या दिवशी मोजायचं

आमच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. माझाही. पूर्वी शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता यायची नाही. गुरुजी लेकराकडे बघून, दात बघून, वर्षाचा अंदाज करायचे आणि शाळा उघडायच्या आसपासचा एक जून लिहून टाकायचे. दर एक जूनला आमचे मालक रशीदभाई किलोभर जिलेबी आणतात आणि येईल त्याला विचारतात, “आपका भी आज ही है क्या?” बहुतेक जण हो म्हणतात आणि जिलेबी घेतात.

दुकान जिंतूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि फोटो काढायला भिंतीवर पांढरा पडदा. बाहेर ‘येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा फलक. मी बीएच्या पहिल्या वर्षापासून इथे काम करते. सकाळी कॉलेज, दुपारी बारापासून दुकान. आता एमए करते आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात, आईनं शाळा पाहिलेली नाही. त्यामुळे कॉलेजच्या अंकात कामाच्या अनुभवाबद्दल लिही असं सरांनी सांगितलं तेव्हा मी दोन आठवडे टाळलं. चार वर्षांच्या कामाला अनुभव म्हणायचं का, हे मला कळत नव्हतं. शिवाय लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागणार होती, आणि ती मला लिहायची नव्हती.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की फॉर्म भरणं म्हणजे टाइप करणं. तसं नाही. रशीदभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बेटा, उंगली बाद में चलाना, पहले पूछना.” नाव दहावीच्या सनदेवर कसं आहे, आधार कार्डावर कसं आहे, आईचं नाव माहेरचं लिहिलंय की सासरचं, हे सगळं विचारावं लागतं. मोबाइलवर येणारा ओटीपी हा तर वेगळाच विषय आहे. फॉर्म पोराचा, नंबर मेव्हण्याचा, आणि मेव्हणा विहिरीत उतरलेला. मग त्याच्या बायकोला फोन, तिनं काठावरून हाक मारायची, त्यानं खालून मोबाइल कुठल्या खिशात आहे ते सांगायचं. तोवर इकडे वेळ संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक पोरगा कपाळभर गुलाल घेऊन फोटोला उभा राहिला. पुसून ये म्हटलं तर म्हणाला, “ताई, निवडून आलेला माझा मामाय, असाच राहू द्या.” त्याचा अर्ज फोटोवरून परत आला. तेव्हा तो मामालाच घेऊन दुकानात आला, आणि मामांनी मला नियम बदलायला कुणाला फोन लावायचा ते विचारलं.

पण आमच्याकडची सगळ्यात मोठी सवय म्हणजे “भरून ठेवा”. कुठली जागा आहे, काम काय आहे, आपण त्यात बसतो का, हे कुणी विचारत नाही. सगळ्या पदांना टिक मारा, भरून ठेवा, पुढचं पुढं बघू. मला या सवयीचा राग यायचा. मी एकेकाला बसवून जाहिरात वाचून दाखवायची. “तुमच्या पोरीला दुकानात नका ठेवू, गिऱ्हाईक परत लावती,” असं एक जण रशीदभाईंना म्हणाला होता. ते हसले, पण मला त्याचा अभिमान वाटला होता. तो अभिमान इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

शीतल माझ्याच कॉलेजात बीएस्सीला होती. डोंगराकडच्या एका गावातली, घर ऊसतोड करणारं. बारावीनंतर तिची दोन वर्षं गेली. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि ऊसतोडीत जोडीला काम असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आई उठू शकत नव्हती म्हणून दोन हंगाम वडिलांच्या जोडीला शीतल गेली. मग परत येऊन कॉलेजात नाव घातलं. वर्गात सगळ्यात मागे बसायची, पण भौतिकशास्त्राच्या प्रयोगात सगळ्यांचे आकडे तिच्या वहीतून उतरवले जायचे.

तिचं मामाचं गाव देवगाव फाट्याजवळ. अंतिम वर्षाला असताना ती दिवाळीत तिकडे गेली होती, तेव्हा एका पुढाऱ्याची सभा होती आणि ते हेलिकॉप्टरनं आले. शेतात चुन्याचा गोल आखला होता. धुरळा बसल्यावर सगळी गर्दी पुढाऱ्यामागे गेली आणि हेलिकॉप्टरपाशी दोन पोलीस आणि पायलट एवढेच उरले. पायलट लिंबाच्या झाडाखाली बसून डबा खात होते. शीतल मामीच्या सांगण्यावरून त्यांना पाण्याचा तांब्या घेऊन गेली, आणि तिथून हलली नाही. हे शिकायला किती पैसे लागतात, असं तिनं मोडक्या हिंदीत विचारलं. ते गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी सांगितलं की बाहेर शिकायला शेत विकावं लागेल, पण हवाई दलात निवड झाली तर तेच शिकवतात आणि वर पगार देतात. पदवी लागते, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, मुलीही घेतात. आधी लहान विमान शिकवतात, मग काहींना हेलिकॉप्टर देतात. त्यांनी परीक्षेचं नाव तिच्या तळहातावर लिहून दिलं.

ती तळहात तसाच घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात आली. हात धुतला नव्हता.

“हे खरंय का बघ,” म्हणाली. “ते माणूस थट्टा करायला न्हवतं, पण तू बघ.”

मी शोधलं. खरं होतं. जाहिरात इंग्रजीत होती, पानंच्या पानं. महिन्याभरात हिवाळ्याचे अर्ज सुरू होणार होते आणि पुढचे उन्हाळ्यात. वयाची अट वीस ते चोवीस. तिच्या सनदेवर एक जून होता, आणि त्या हिशेबानं ती साडेबावीस वर्षांची होती. त्या दिवशी आम्ही शेजारच्या शिंप्याकडून टेप आणून तिच्या पायांची लांबी मोजली, कारण पायलटला तीही लागते. भिंतीला टेकून बसवून कमरेपासून डोक्यापर्यंत मोजलं. सगळं बसत होतं. रशीदभाईंनी सगळ्यांना चहा सांगितला.

हिवाळ्याचे अर्ज सुरू झाले तेव्हा ती आली आणि म्हणाली, “भरून टाकू का?”

मी नको म्हटलं.

माझ्याकडे कारण होतं. लेखी परीक्षा आणि मुलाखतीनंतर मशीनवर बसवून एक चाचणी घेतात, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की उडायचं कायमचं बंद. शीतलला इंग्रजी नीट बोलता येत नव्हतं, तिची अंतिम वर्षाची परीक्षा तोंडावर होती, वडील ऊसतोडीला गेलेले होते. मी तिला म्हटलं, हे आपल्याकडच्या भरतीसारखं टिक मारून ठेवायचं काम नाही. चोवीस पूर्ण व्हायला तुला दीड वर्ष आहे. तयारी कर, उन्हाळ्यात पहिला फॉर्म तुझा भरू.

तिनं ऐकलं. मी ताई नव्हते तिची, एका वयाच्या आम्ही, पण दुकानात खुर्चीवर मी बसत होते आणि ती समोर स्टुलावर. त्यानं फरक पडतो.

पाच महिने तिनं जी मेहनत केली ती मी पाहिली आहे. पहाटे माळावर धावायची. इंग्रजी बोलायला कुणी नव्हतं म्हणून दुकानात येऊन रशीदभाईंशी बोलायची, आणि रशीदभाई दोन शब्द इंग्रजी आणि दहा हिंदी असं उत्तर द्यायचे. अंतिम वर्षाला पहिल्या वर्गात पास झाली.

उन्हाळ्यात अर्ज सुरू झाले त्या दुपारी लाइट होती, नेट चालू होतं, सगळं नीट होतं. मी नाव भरलं, बापाचं नाव भरलं, जन्मतारीख भरली. लाल अक्षरात ओळ आली की या तारखेचा उमेदवार पायलटच्या शाखेसाठी पात्र नाही. मी पुन्हा भरली. पुन्हा तीच ओळ. रशीदभाई उठून आले, त्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरून पाहिली. मग मी जाहिरात उघडली.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जाहिरातींत वय अर्जाच्या शेवटच्या दिवशी मोजतात. चार वर्षांत माझ्या डोक्यात तेच बसलेलं. इथे तसं नव्हतं. प्रशिक्षण ज्या दिवशी सुरू होणार त्या दिवशी वय मोजायचं, म्हणजे अर्जानंतर वर्षभरानं, पुढच्या वर्षीच्या एक जुलैला. त्या दिवशी शीतल कागदावर चोवीस वर्षं आणि एक महिन्याची होणार होती. हिवाळ्याच्या अर्जाचं प्रशिक्षण त्याआधीच्या जानेवारीत होतं. तो अर्ज भरला असता तर ती सहज बसत होती. हे सगळं ‘वीस ते चोवीस’च्या पुढच्याच ओळीत लिहिलेलं होतं. जी जाहिरात मी लोकांना बसवून वाचून दाखवते, त्या जाहिरातीची ती ओळ मी वाचली नव्हती.

शीतलनं विचारलं, “काय झालं?”

मी म्हटलं, “तारखेमुळं गेलं. एका महिन्यानं.”

ते खोटं नव्हतं. पण मी तेवढंच सांगितलं.

त्याच अर्जात जमिनीवरच्या कामाची शाखा होती, तिथे वय थोडं जास्त चालत होतं. मी म्हटलं तो भरू. तिनं हो म्हटलं, म्हणून भरला. परीक्षा दिली, पास झाली नाही. पुढे एकदा ती म्हणाली, पेपर सोपा होता, पण लिहिताना हात चालत नव्हता.

अर्ज अडला त्यानंतर चार दिवसांनीच तिचे वडील दुकानात आले होते. नामदेवकाका. ऊसतोड संपवून गावी आलेले. टोपी काढून हातात धरली आणि मला म्हणाले, “बाई, ती तारीख मी सांगितल्याली हाय. ती खरी न्हाई. कुठं सांगावं लागतं ते सांगा, मी सांगतो.” मग त्यांनी जे सांगितलं ते शीतललाही माहीत नव्हतं. तिची आजी वारली आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना लेकराला कुणापाशी ठेवायचं हा प्रश्न आला. गावच्या शाळेत ऊसतोडीवाल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह होतं, पण पहिलीत नाव असलेल्यालाच तिथे जेवायला आणि झोपायला मिळायचं. म्हणून दिवाळीची वाट न बघता त्याच जूनमध्ये त्यांनी शीतलला शाळेत नेलं. तेव्हा तिला पाचवं वर्षही पूर्ण नव्हतं, ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. त्यांनी गुरुजींना सहा सांगितलं.

दहावीनंतर सनदेवरची तारीख बदलत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्यांच्या आणि शीतलच्या बरोबर गावच्या शाळेत गेले. आपल्याला काहीतरी करताना दिसायचं होतं, म्हणून गेले असेन. शाळेतल्या दाखलखारीज रजिस्टरमध्ये तिचं नाव होतं, पुढे एक जून, शाई जराशी फिकट. आता काही होत नाही म्हणून हेडमास्तरांनी हात जोडले. मग नामदेवकाका म्हणाले, गुरुजींकडं जाऊ.

गुरुजी निवृत्त होऊन मळ्यात राहतात. सत्तरीच्या पुढचे. बाजेवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शीतलला जवळ बोलावलं.

“तुझ्या वडलांनी सहा सांगितलं तेव्हा तू त्यांच्या धोतराला धरून उभी होतीस,” ते म्हणाले. “दुधाचे दात होते. मला दिसत होतं. मी लिहिलं.”

“गुरुजी, चूक माझी हाय,” नामदेवकाका म्हणाले.

“लिहिणारा मी. मी लिहून देतो ना कागदावर, की चूक माझी. न्यायालयात येतो.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “चालेल का बाई, असं?”

मी नाही म्हटलं. गुरुजी म्हणाले, “न लिहिलं असतं तर हिला ऊसतोडीच्या कोपीवर न्यावी लागली असती. तिथं गेलेलं लेकरू माझ्या शाळेत परत आलेलं मी पाहिलं न्हाई. तरी पण मी सव्वा वर्ष कशाला वाढवलं? पाच लिहायला पाहिजे होतं. पाच लिहिलं असतं तर मी काय मेलो असतो?”

शीतल खाली मान घालून बसली होती. मी तिच्या शेजारीच होते. ती दोघं माणसं एकमेकांच्या हातातून दोष काढून घेत होती आणि मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी उघडलं नाही. निघताना गुरुजींच्या सुनेनं शेंगा दिल्या, त्या मी पिशवीत घेतल्या.

नंतरचे चार महिने मी कामात फार काळजी घ्यायला लागले. प्रत्येक जाहिरात तीनदा वाचायची. रशीदभाईंनी एकदा विचारलं, तबियत ठीक है? त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, “मेरे को बोलके क्या फायदा, बेटा.” एवढंच.

दिवाळी झाल्यावर शीतल दुकानात आली. परभणीला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तिला काम मिळणार होतं, त्याचा अर्ज प्रिंट करायचा होता. घरचं विचारलं तर म्हणाली, बा बोलत नाही फारसा. जेवायला बसला की म्हणतो, माझ्या एका शब्दानं पोरीचं गेलं. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले, माफी मागायला. तिसऱ्यांदा येऊ नका म्हणून आईनं हात जोडले.

प्रिंट निघत होती. तिनं मशीनकडे बघतच विचारलं, “हिवाळ्यात भरला असता तर बसत होतं ना?”

मी पावतीपुस्तक पुढे ओढून रक्कम लिहायला लागले.

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “लाल ओळ आली त्याच दिवशी बसमध्ये जाहिरात वाचली मोबाइलवर. मला येतंय की इंग्रजी आता तेवढं.”

“मग वडलांना का नाही सांगितलंस?”

तिनं प्रिंट उचलली, घडी केली. “तू सांगशील म्हणून थांबले,” म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता पैसे ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. सकाळच्या एसटीनं तिच्या गावी उतरले. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर त्यांच्या घरापुढे लागला होता. त्या वर्षी शीतलची आई पुन्हा कोयत्याला जाणार होती. ट्रॉलीत लाकडं, पाचटाच्या कोपीसाठी बांबू, पाण्याची टाकी, कोंबड्यांची दुरडी. नामदेवकाका वर उभे राहून सामान रचत होते. मी खालूनच बोलायला सुरुवात केली, कारण ते उतरेपर्यंत मी थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं.

मी सगळं सांगितलं. हिवाळ्याचा अर्ज, मी नको म्हटलं ते, न वाचलेली ओळ, गुरुजींच्या मळ्यात गप्प बसले ते. ते खाली उतरले. ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभे राहिले. मी माफी मागत होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“पुन्हा एकदा सांगा, बाई,” ते म्हणाले. “हिवाळ्यात भरला असता, तर त्याच तारखेवर बसला असता?”

“हो, काका.”

“एक जूनवरच?”

“हो. एक जूनवरच.”

त्यांनी घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती भांडं हातात घेऊन दारात आली. “ऐकलं का,” ते म्हणाले. “तारीख चालत हुती.” तिला काही कळलं नाही. ते पुन्हा म्हणाले, “आपली तारीख चालत हुती.”

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला विचारलं, हे कागदावर लिहून देता का. माझ्या पर्समध्ये दुकानाची कोरी पावती होती. तिच्या मागे मी लिहिलं की शीतल नामदेव हिची शाळेत लावलेली जन्मतारीख अर्जाला चालत होती, अर्ज वेळेवर न भरण्याची चूक माझी आहे. खाली सही केली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला.

मुकादम ओरडत होता की उशीर व्हायलाय, नऊला निघायचंय. नामदेवकाकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ट्रॉली अर्धी भरलेली तशीच ठेवून ते गुरुजींच्या मळ्याच्या वाटेला लागले.